मुंबईच्या फ्लॅटमध्ये झेरोग्राफिका: दुर्मीळ एअर प्लांट निवडणं, जगवणं आणि मांडणं

मातीशिवाय वाढणाऱ्या एअर प्लांटमध्ये टिलँडसिया झेरोग्राफिका हे संग्राहकांचं सगळ्यात लाडकं झाड. रुंद, चंदेरी, खाली वळलेली पानं, आणि पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर नव्वद सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. ते महाग आहे, फार हळू वाढतं आणि मुंबईत सहज मिळत नाही. म्हणूनच ते हातात आल्यावर गमावलं तर जीव हळहळतो.

माझ्या ओळखीच्या हौशी मंडळींची झेरोग्राफिका गेली ती बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये, मे महिन्यात नव्हे. सगळे उन्हाळ्याला घाबरतात आणि पावसाळ्यात निश्चिंत होतात, पण मुंबईत हे झाड तहानेने क्वचित मरतं. ते मरतं वेळेवर सुकलं नाही म्हणून. पुढची प्रत्येक पायरी वाचताना हे एवढं डोक्यात ठेवा.

१. झाड कसं जगतं ते आधी समजून घ्या

टिलँडसिया ही अननसाच्या कुळातली वनस्पती. अमेरिका खंडात ती झाडांच्या फांद्यांवर, खडकांवर, काही ठिकाणी विजेच्या तारांवरसुद्धा वाढते. मुळांचा उपयोग फक्त धरून बसायला. बांडगुळासारखी ती ज्या झाडावर बसते त्याचा रस शोषत नाही, त्यामुळे "आमच्या कुंडीतल्या चाफ्याला त्रास होईल का" या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे.

पाणी आणि क्षार दोन्ही पानांवाटे घेतले जातात. पानांवर जी चंदेरी पावडर दिसते ती म्हणजे अतिसूक्ष्म खवल्यांचा थर. कोरडे असताना हे खवले उभे राहतात, प्रकाश परतवतात आणि पान पांढुरकं दिसतं. पाणी पडलं की ते पानावर आडवे होतात, पाणी आत घेतात आणि पान हिरवं दिसू लागतं. ही खूण लक्षात ठेवा, कारण झाड ओलं आहे की सुकलं हे सांगणारं यापेक्षा चांगलं साधन नाही. हिरवट दिसतंय म्हणजे अजून ओलं आहे. चंदेरी झालं म्हणजे सुकलं.

दुसरी गोष्ट, हे झाड दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतं आणि रात्री उघडतं. कोरड्या प्रदेशात दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे. रात्री ते कार्बन डायऑक्साइड साठवतं आणि दिवसा प्रकाशात त्याचं अन्न करतं. पानांवर रात्रभर पाण्याचा थर राहिला तर ही हवा आत जायची वाटच अडते. म्हणून पाणी सकाळी द्यायचं. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर सगळ्या कुंड्यांबरोबर यालाही फवारा मारणं हा मुंबईकरांचा सर्रास घोटाळा आहे.

झेरोग्राफिका मूळची दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोर आणि होंडुरासमधल्या कोरड्या जंगलांतली, साधारण १४० ते ६०० मीटर उंचीवरची. तिथं वर्षभरात ५५० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे सांताक्रूझला एकट्या जुलैचाच सरासरी पाऊस आठशे मिलिमीटरच्या वर जातो. तापमान मात्र तिथलं नि आपलं बरंच जुळतं, २२ ते २८ अंश. म्हणजे उकाड्याचं या झाडाला फारसं वावडं नाही. आपल्याला सांभाळायची आहे ती ओल.

२. झाड घेण्याआधी जागा ठरवा

लोक झाड आधी आणतात आणि मग घरभर जागा शोधत फिरतात. उलट करा. आठवडाभर घरातलं ऊन बघा.

हवी ती जागा अशी: सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास, मग दिवसभर भरपूर उजेड, आणि वारा खेळता. पूर्वेची खिडकी किंवा बाल्कनी सगळ्यात उत्तम. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेचं दुपारचं ऊन पान भाजतं आणि जूननंतर त्याच बाजूने पावसाच्या झडी आत येतात, म्हणून ती दोन्हीकडून अडचणीची.

उत्तर-दक्षिणेचं गणित जरा बारकाईने बघा. मुंबईत सूर्य १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा २७ जुलैच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तो दुपारीसुद्धा किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे "आमच्याकडे ऊनच येत नाही" असं वर्षभर म्हणणाऱ्या उत्तरेच्या खिडकीतही त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येतं. दक्षिणेच्या खिडकीत डिसेंबरमध्ये ऊन खोलीत आतपर्यंत शिरतं आणि मेमध्ये जवळपास नाहीसं होतं. एकदा ठेवलेली जागा वर्षभर चालेल असं धरू नका, ऋतूप्रमाणे हातभर इकडेतिकडे करावं लागतं.

चाळीतल्या किंवा समोर इमारत चिकटलेल्या घरात उजेड कमी असेल तर पांढऱ्या प्रकाशाचा चांगला एलईडी झाडापासून फूट-दीड फुटावर, दिवसाचे बारा तास लावा. टायमर लावला की विसरायला होत नाही. असे दिवे आणि टायमर लोहार चाळीत एकाच फेरीत मिळतात.

ग्रिलमध्ये ठेवणार असाल तर कबुतरांचा विचार आधी करा. घरट्यासाठी ती पानं ओढतात, आणि त्यांची विष्ठा झाडाच्या मध्यात पडली की तो भाग सडायला वेळ लागत नाही. जाळी नसेल तर झाड काचेच्या आत ठेवा. आणि ग्रिलबाहेर काहीही टांगू नका. झाडाचं वजन फार नसतं, पण वाऱ्यात लाकडासकट खाली पडलं तर खालच्या माणसाच्या जिवाशी खेळ होतो.

३. आधी साध्या प्रजातींवर हात बसवा

पहिलंच एअर प्लांट म्हणून झेरोग्राफिका घेऊ नका. एक वर्ष, म्हणजे एक पूर्ण पावसाळा धरून, टिलँडसिया आयोनान्था सांभाळा. लहान, स्वस्त, चिवट, आणि फुलायच्या वेळी आतली पानं लाल होतात. कॅपुट-मेड्युसी आणि बल्बोसा आपल्या दमट हवेत बऱ्या वाढतात, फक्त त्यांच्या बुडाशी फुगीर पोकळी असते तिच्यात पाणी साचू द्यायचं नाही. नर्सऱ्यांमध्ये लांब राखाडी दाढीसारखी लोंबणारी जी 'स्पॅनिश मॉस' मिळते तीही टिलँडसियाच.

एका झाडापासून मात्र मुंबईत लांब राहा असं मी स्पष्ट सांगेन: टिलँडसिया टेक्टोरम. पांढऱ्याशुभ्र केसाळ पानांमुळे मोह पडतो, पण ते इक्वेडोर-पेरूच्या उंच, कोरड्या डोंगरांतलं आहे. आपल्या पावसाळ्यात चोवीस तास एसी किंवा डीह्युमिडिफायर नसेल तर त्याला इथं आणणं हा त्या झाडावरच अन्याय आहे.

४. खरेदी आणि कागदपत्रं

झेरोग्राफिका आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. टिलँडसिया हॅरिसी आणि टिलँडसिया कामी याही त्याच यादीत आहेत. जंगलातून ओरबाडून नेल्यामुळे त्यांचा नैसर्गिक साठा धोक्यात आला म्हणून त्यांच्या व्यापारावर परवान्याचं बंधन आहे. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने या करारातल्या प्रजाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. बाजारात कायदेशीर येणारी रोपं नर्सरीत लागवड करून तयार केलेली असतात. आपण पैसे कुठल्या रोपाला देतो यावर जंगलातल्या झाडांचं भवितव्य ठरतं, म्हणून ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका.

विक्रेत्याकडून हे घ्या:

- पक्कं बिल. त्यावर 'एअर प्लांट' एवढंच नको, 'टिलँडसिया झेरोग्राफिका' असं पूर्ण शास्त्रीय नाव हवं.
- रोप लागवडीतून तयार झालेलं आहे असं लेखी.
- रोप आयात केलेलं असेल तर साइट्स परवाना आणि फायटोसॅनिटरी (रोपाला कीड-रोग नसल्याच्या) प्रमाणपत्राची झेरॉक्स, किंवा निदान त्यांचे क्रमांक बिलावर लिहून.
- इथंच पिल्लापासून, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या नव्या रोपापासून, वाढवलेलं असेल तर मातृरोपाच्या बिलाची प्रत.

हे मागितल्यावर विक्रेता चिडला किंवा "एवढं कोण विचारतं" म्हणाला तर तिथून निघा. व्यवस्थित काम करणारे आयातदार हे कागद आपणहून दाखवतात.

परदेशी संकेतस्थळावरून थेट पार्सल मागवायचा विचार असेल तर थांबा. जिवंत रोप भारतात आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आधी आयात परवाना लागतो, निर्यात करणाऱ्या देशाचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं, आणि झेरोग्राफिकासाठी त्यावर साइट्स परवानाही. "आम्ही गिफ्ट म्हणून पाठवतो, काही होत नाही" असं सांगणारे विक्रेते आहेत. कस्टम्सने पार्सल अडवलं तर झाडही जातं, पैसेही जातात आणि उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात. हौशी माणसाने परवानाधारक आयातदाराकडूनच घ्यावं.

झाड प्रत्यक्ष बघूनच घ्या. राणीच्या बागेत महापालिकेच्या उद्यान विभागाचं झाडा-फुलांचं प्रदर्शन हिवाळ्यात भरतं, तिथं रोपवाटिकावाले आणि हौशी लोक दोन्ही भेटतात. अशा ठिकाणी ओळखी करून घ्या. मुंबईत चांगलं झाड बहुतेकदा अशा ओळखीतून मिळतं.

हातात घेतल्यावर काय बघायचं? बूड घट्ट आणि कोरडं हवं. मधली पानं अगदी हलक्या हाताने ओढून बघा, सुटून आली तर आतून सड लागलेली आहे. बुडाशी काळपट-तपकिरी मऊ डाग किंवा आंबूस वास आला तर किंमत निम्मी केली तरी नको. पानांची टोकं थोडी वाळलेली असणं चालतं. पानांवर खूप जखमा, शेवाळ, जुन्या सालीचे तुकडे मुळांना चिकटलेले, असं दिसलं तर ते जंगलातून काढलेलं असण्याची शंका घ्या.

निळी, गुलाबी, सोनेरी रंगवलेली एअर प्लांट्सही मिळतात. रंगाने खवले बुजतात आणि झाडाला पाणी घेता येत नाही. ती विकतच घेऊ नका.

आणखी एक फसगत: झेरोग्राफिकाचे संकर शुद्ध म्हणून विकले जातात. टिलँडसिया ब्रॅकिकॉलॉस या दुसऱ्या प्रजातीशी केलेल्या संकराची पानं जास्त हिरवी आणि अरुंद असतात. टिलँडसिया स्ट्रेप्टोफिला ही वेगळी प्रजातीही कधी कधी या नावाने खपवली जाते. तिचं बूड कांद्यासारखं फुगीर असतं आणि पाणी कमी पडलं की पानं गोल गोल वळतात. संकर वाईट नसतात, वाढायलाही सोपे असतात, पण शुद्ध प्रजातीची किंमत त्यांना देऊ नये.

५. सामान

फार काही लागत नाही.

- झाड पूर्ण बुडेल एवढी प्लास्टिकची किंवा स्टीलची बादली
- भांडी निथळत ठेवायची जाळी
- लहान टेबल फॅन
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा
- टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा)
- तंगूस (नायलॉनचा दोरा) किंवा स्टेनलेस स्टीलची तार, दोन्ही नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला सहज मिळतात
- मऊ ब्रश, टिश्यू पेपर, कापूस

६. कुठलं पाणी?

महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांतून येतं आणि ते बऱ्यापैकी मृदू असतं. रात्री बादलीत उघडं भरून ठेवा आणि सकाळी वापरा, म्हणजे क्लोरिनचा वास उडून जातो. खरी अडचण सोसायटीच्या टाकीत होते. अनेक ठिकाणी बोअरचं किंवा टँकरचं पाणी त्यात मिसळलेलं असतं. नळावर, बाथरूमच्या काचेवर पांढरे डाग धरत असतील तर तुमचं पाणी जड आहे. त्यातले क्षार पानांवर साचून खवले निकामी करतात. टीडीएस मीटरवर आकडा १५० च्या आत असेल तर निर्धास्त वापरा. त्याहून बराच जास्त असेल तर त्यात आरओचं पाणी मिसळा. निव्वळ आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्यामुळे कायम तेच वापरणार असाल तर खत नियमित द्यावं लागेल. मीठ वापरून चालणाऱ्या वॉटर सॉफ्टनरचं पाणी मात्र अजिबात नको.

पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. पहिल्या दोन-चार सरी हवेतली धूळ आणि धूर धुऊन आणतात, त्या जाऊ द्या. मग मोकळ्या आकाशाखाली बादली ठेवून भरा. गच्चीच्या पाइपातून आलेलं पाणी नको.

७. पाणी देण्याची आणि सुकवण्याची पद्धत

झाड सकाळी बादलीत उलटं बुडवा, चांगलं ओलं होऊ द्या. झेरोग्राफिकाला आयोनान्थासारखं अर्धा-एक तास भिजवायची गरज क्वचितच पडते, पाच-दहा मिनिटं पुरतात. बाहेर काढून दोन्ही हातांनी बूड धरा आणि उलटं करून झटका. मग जाळीवर उलटंच ठेवा आणि पंखा लावा. तासाभराने पानांच्या बेचक्यात टिश्यूचं टोक घालून बघा. ओला आला तर पुन्हा झटका.

चार तासांत पानं पुन्हा चंदेरी झाली पाहिजेत. ही मर्यादा काटेकोरपणे पाळा. चार तासांत सुकत नसेल तर त्या दिवशी तुमच्या घरात या झाडाला पाणी देण्यासारखी हवा नाही असं समजा आणि पुढच्या वेळी पाणी कमी करा किंवा वारा वाढवा. हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून वापरला तरी चालतो, गरम हवा नको.

वजनकाटा इथं उपयोगी पडतो. पाणी देऊन पूर्ण सुकलेल्या झाडाचं वजन लिहून ठेवा. मग बाहेरची पानं नेहमीपेक्षा जास्त आत वळू लागतील, त्यांच्या कडा दुमडतील, त्या दिवशीचं वजन लिहा. या दोन आकड्यांच्या मध्यावर झाड आलं की पाणी द्यायची वेळ. दोन-तीन महिन्यांत तुमच्या घरातल्या तुमच्या झाडाचा आकडा हाती येतो, आणि मग कुणाच्या वेळापत्रकाची गरज उरत नाही. माझ्या मते कुठल्याही पुस्तकी नियमापेक्षा हा काटा भरवशाचा.

तोपर्यंत ढोबळ अंदाज असा. ऑक्टोबर हीटमध्ये आणि मार्च ते मे आठवड्यातून दोनदा. एसीच्या खोलीत हवा जास्त कोरडी होते, तिथं वजन बघून एखादी पाळी वाढवा. डिसेंबर-जानेवारीत आठवड्यातून एकदा पुरतं. हिवाळ्यात बांधकामांची आणि रस्त्याची धूळ पानांवर बसते, ती पाणी देतानाच धुऊन जाऊ द्या. कापडाने पुसू नका, खवले निघून येतात आणि त्या पानावर पुन्हा उगवत नाहीत.

आता पावसाळा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस स्थिरावला की पाण्याचा हात पूर्ण आखडता घ्या. हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, आणि झाड त्यातूनच बरंच भागवून घेतं. दोन-तीन आठवड्यांत चांगली उघडीप मिळाली, ऊन पडलं, तर सकाळी एकदा बुडवा आणि पंख्याखाली सुकवा. उघडीप मिळालीच नाही आणि वजनही फार उतरलं नाही, तर महिनाभर पाणी न देता काढा. काही होत नाही.

या चार महिन्यांत झाड उलटं किंवा तिरकं टांगा. सरळ ठेवलेल्या झेरोग्राफिकाच्या मध्यात वाटीसारखा खोलगट भाग तयार होतो, आणि खिडकीतून आलेले थेंब तिथंच साचतात. पंखा दिवसातून काही तास चालू हवा, विशेषतः ढगाळ, कुंद दिवशी. रात्री खिडक्या बंद करून झोपत असाल तर झाड खिडकी आणि पडद्याच्या मध्ये अडकलेलं राहू देऊ नका. समुद्राच्या अगदी जवळ राहणाऱ्यांनी, म्हणजे वरळी, वर्सोवा, दादर चौपाटीकडच्या लोकांनी, वाऱ्याबरोबर येणाऱ्या खाऱ्या तुषारांपासूनही झाड लांब ठेवावं आणि उघडीप मिळाली की गोड्या पाण्यातून एकदा काढावं.

गणपतीच्या दिवसांत घर भरलेलं असतं, धूप-उदबत्तीचा धूर असतो, खिडकीतली जागा मखराला जाते, आणि झाड कुठल्यातरी कोपऱ्यात सरकतं. त्या दहा दिवसांसाठी हवेशीर जागा आधीच ठरवून ठेवा.

८. मांडणी

संग्राहकाला इथं सगळ्यात जास्त मजा येते, आणि सगळ्यात जास्त झाडं इथंच बिघडतात.

तांबं टाळा. तांबं या कुळातल्या वनस्पतींना विषासारखं काम करतं. तांब्याच्या तारेचे नाजूक पिंजरे फोटोत फार सुंदर दिसतात, पण ओल लागली की तांबं पानांवर उतरतं. पितळेत तांबं आणि जस्त दोन्ही असतात, त्यामुळे आजीचा पितळी तांब्या, घंगाळ, जुनी समई यांवर झाड बसवण्याचा मोह आवरा. वापरायचंच असेल तर मध्ये काचेची किंवा मातीची वाटी ठेवून धातूचा स्पर्श पूर्ण टाळा, आणि झाड ओलं असताना तिथं ठेवू नका. गॅल्व्हनाइज्ड तारेवर जस्ताचा मुलामा असतो, तीही नको. स्टेनलेस स्टील किंवा तंगूस वापरा.

काचेचे बंद गोळे आणि टेरारियम हे झेरोग्राफिकासाठी नाहीतच. आत वारा नसतो, ओल अडकते आणि ऊन लागलं तर आतली हवा तापते. भेट म्हणून कुणी काचेच्या गोळ्यात झाड दिलं तर गोळा ठेवा आणि झाड बाहेर काढा.

लाकडावर बसवायचं असेल तर ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारं ड्रिफ्टवूड घ्या, क्रॉफर्ड मार्केटमध्ये बघायला मिळतं. चौपाटीवर सापडलेलं लाकूड दिसायला उत्तम असलं तरी त्यात मीठ मुरलेलं असतं. ते पाणी रोज बदलत बरेच दिवस भिजवावं लागतं, आणि टीडीएस मीटरने भिजवलेल्या पाण्याचा आकडा साध्या पाण्याएवढा आला की मगच वापरावं. वाळवीसाठी रसायन मारलेलं किंवा पॉलिश केलेलं फर्निचरचं लाकूड नको, अशा रसायनांत तांबं असू शकतं.

बुडाभोवती शेवाळ, नारळाचा काथ्या किंवा माती लावू नका. मऊ आणि छान दिसतं, पण बुडाशी सतत ओल धरून ठेवतं. झाड नुसतं तंगूसने दोन ठिकाणी बांधा, पानांच्या खालच्या बाजूने, घट्ट न आवळता. गोंद पानांच्या बुडाला लावू नका. खरं सांगायचं तर मोठ्या झेरोग्राफिकाला बांधायचीही गरज नसते. उंच मातीच्या बरणीच्या तोंडावर नुसती ठेवली तरी तिची पानं खाली ओघळून बरणीला धरून बसतात. मला हीच मांडणी सगळ्यात आवडते, कारण पाणी द्यायला झाड दोन सेकंदांत उचलता येतं. जे झाड उचलायला कटकट होते त्याला जागेवरच फवारा मारला जातो आणि पाणी मध्यात साचतं.

झाडाच्या मागे साधी, गडद भिंत असेल तर चंदेरी रंग उठून दिसतो. शेजारी दोन-तीन आयोनान्था चालतील, पण गर्दी करू नका. प्रत्येक झाडाच्या भोवती वितभर मोकळी हवा हवी. प्रदर्शनात मांडणार असाल तर खालची पूर्ण वाळलेली पानं हाताने हळूच खाली ओढून काढा, अर्धवट वाळलेल्या पानाचं टोक तिरकं कापा म्हणजे कापलेलं कळत नाही, आणि फलकावर शास्त्रीय नावाबरोबर 'लागवडीतून तयार झालेलं रोप' असं जरूर लिहा. बघणाऱ्या नवख्या माणसाला पहिल्याच भेटीत योग्य सवय लागते.

९. खत, कीड आणि सड

खत महिन्यातून एकदा, फक्त ऑक्टोबर ते मे. बाजारात मिळणारं १९:१९:१९ पाण्यात विरघळणारं खत एक लिटरला पाव ग्रॅमच्या पुढे नको. पाकिटावर सूक्ष्म अन्नद्रव्यांमध्ये तांब्याचं नाव असेल तर दुसरं घ्या. खताच्या पाण्यात बुडवून तसंच उलटं सुकवायचं.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बेचक्यात लपतात. मुंग्यांची ये-जा वाढली की आधी तिथं बघा. सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून फक्त किडीवर टेकवा आणि नंतर झाड साध्या पाण्यातून काढा. कडुलिंबाचं तेल आपल्याकडे प्रत्येक झाडावर चालतं, इथं नाही. तेलाने खवले बुजतात. पानं चमकवायचे स्प्रेही त्याच कारणाने नकोत.

नर्सरीत कुणी बुरशीसाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा बोर्डो मिश्रण सुचवेल. इतर झाडांना ते औषध आहे, पण नावाप्रमाणे त्यात तांबं आहे. शेजारच्या कुंडीवर फवारणार असाल तरी एअर प्लांट आधी दुसऱ्या खोलीत न्या.

सड बाहेरच्या एक-दोन पानांच्या बुडाशी असेल तर ती पानं पूर्ण काढा, आठवडाभर पाणी बंद करा, पंख्याखाली ठेवा. मधली पानं सुटून आली तर ते रोप वाचत नाही. तरी लगेच फेकू नका. बूड घट्ट असेल तर बाजूने पिल्लं फुटण्याची शक्यता असते, काही महिने वाट बघा.

१०. फूल आणि पिल्लं

झेरोग्राफिकाच्या पानांचा प्रत्येक गुच्छ आयुष्यात एकदाच फुलतो. मध्यातून फांद्या असलेला तुरा वर येतो, लालसर पानं, पोपटी आवरणं आणि त्यांतून डोकावणारी जांभळट नळीसारखी फुलं. हा तुरा कित्येक महिने टिकतो. त्यानंतर मूळ झाड हळूहळू क्षीण होत जातं आणि बुडाशी पिल्लं येतात.

एप्रिल-मेमध्ये एक काळजी घ्या. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने या कुळातली वयात आलेली झाडं अवेळी फुलू शकतात, अननसाच्या शेतीत तर हे मुद्दाम घडवून आणतात. हापूसची पेटी आणि झेरोग्राफिका एकाच बंद खोलीत ठेवू नका. फूल लवकर यावं म्हणून झाड सफरचंदाबरोबर पिशवीत कोंडण्याचा सल्लाही कुणी देईल. झाडाला आपल्या वेळेने मोठं होऊ द्या. आधी फुलवलं तर तुरा लहान येतो आणि झाडाची वाढ तिथंच थांबते.

तुरा पूर्ण वाळला की बुडाजवळ कापून टाका. पिल्लू आईच्या निदान एक तृतीयांश आकाराचं होईपर्यंत सोडवू नका, आईचं उरलेलं बळ त्याच्याकडे जात असतं. घाई नसेल तर सोडवूच नका, एकत्र वाढलेला घोस जास्त देखणा दिसतो. सोडवायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडा, पावसाळ्यात कधीही नको. बुडाशी दोन्ही बाजूंनी धरून हळूच पिळा, सुटलं नाही तर स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने कापा, आणि जखम सुकेपर्यंत तीन-चार दिवस पाणी देऊ नका.

पिल्लू कुणाला देणार असाल, विकत किंवा असंच, तर त्याबरोबर मूळ बिलाची प्रत आणि पिल्लू कधी सोडवलं ती तारीख लिहून द्या. पुढच्या माणसाकडे कोणी कागद मागितले तर त्याला तुमच्याकडे परत यावं लागणार नाही.